०.७९ गुणांचं सुवर्ण: प्योंगचांग २०१८ च्या आइस डान्स निकालाचा प्रकरण अभ्यास

२० फेब्रुवारी २०१८ रोजी, प्योंगचांग हिवाळी ऑलिंपिकमध्ये, गांगनुंगच्या आइस अरिनात आइस डान्सचा (बर्फावर जोडीने नाचायच्या स्पर्धेचा) दुसरा आणि शेवटचा भाग, म्हणजे फ्री डान्स, संपला. त्या दिवशी सर्वाधिक गुण फ्रान्सच्या गॅब्रिएला पापादाकिस आणि गियोम सिझेरॉन यांना मिळाले. सुवर्णपदक मात्र कॅनडाच्या टेसा व्हर्च्यू आणि स्कॉट मोइर यांच्या गळ्यात पडलं. दोन्ही जोड्या माँट्रियलमध्ये एकाच बर्फावर, मारी-फ्रान्स डुब्रॉय आणि पॅट्रिस लोझाँ या एकाच प्रशिक्षक दांपत्याकडे तयार झालेल्या. फरक ०.७९ गुणांचा.

त्यानंतर एकच वाक्य सगळीकडे फिरलं: पहिल्या दिवशी फ्रेंच जोडीच्या ड्रेसचा गळ्यामागचा हूक सुटला नसता, तर निकाल उलटा लागला असता. हे वाक्य कितपत टिकतं, ते आकड्यांवरून तपासता येतं. आइस डान्सचा निकाल नेमका कुठे आणि कसा घडतो, हे समजून घ्यायला याहून चांगलं प्रकरण सापडणं कठीण. ज्युनियर गटातल्या मुलामुलींचे प्रशिक्षक आणि पालक यांनी तर ते गुणपत्रक शेजारी घेऊन वाचावं.

आकडे

व्हर्च्यू–मोइर: शॉर्ट डान्स (पहिल्या दिवसाचा भाग) ८३.६७, फ्री डान्स १२२.४०, एकूण २०६.०७.
पापादाकिस–सिझेरॉन: शॉर्ट डान्स ८१.९३, फ्री डान्स १२३.३५, एकूण २०५.२८.
माया आणि अ‍ॅलेक्स शिबुतानी (अमेरिका): ७७.७३, ११४.८६, एकूण १९२.५९.
मॅडिसन हबल–झॅकरी डॉनोह्यू (अमेरिका): ७७.७५, १०९.९४, एकूण १८७.६९.

पहिल्या दिवशी कॅनडा १.७४ ने पुढे गेला, दुसऱ्या दिवशी फ्रान्सने त्यातले ०.९५ परत मिळवले, उरले ०.७९. कॅनडाची जोडी फ्री डान्सला उतरली तेव्हा फ्रेंचांचे गुण फलकावर लागलेले होते. व्हर्च्यू–मोइर यांना किमान १२१.६२ हवे होते. १२१.६१ मिळाले असते तर एकूण बेरीज समसमान झाली असती, आणि एकूण गुण सारखे असले की फ्री डान्समध्ये वरचढ असलेली जोडी पुढे जाते. म्हणजे बरोबरीत सुवर्ण फ्रान्सचं होतं. कॅनडाने ते ०.७८ राखून पार केलं.

पहिल्या दिवशी काय बिघडलं

त्या मोसमात सीनियर शॉर्ट डान्सचा विषय होता लॅटिन अमेरिकन ताल, आणि सक्तीची पॅटर्न, म्हणजे सगळ्यांनी सारखाच करायचा ठरलेल्या पावलांचा क्रम, होती ऱ्हुंबा. २ मिनिटं ५० सेकंदांच्या त्या कार्यक्रमात ऱ्हुंबाचा एक फेरा, अर्धवट स्टेप सीक्वेन्स (सलग पावलांची मालिका), एकमेकांना स्पर्श न करता करायची स्टेप सीक्वेन्स, ट्विझल (एका पायावर पुढे सरकत घ्यायच्या गिरक्या) आणि एक छोटी लिफ्ट (जोडीदाराला उचलणं), एवढं बसवायचं होतं. म्हणजे मोजके पाच घटक. गुण मिळवायच्या जागा कमी, त्यामुळे एखादी निसटली तर भरून काढायला पुढे काही उरत नाही. फ्री डान्समध्ये वेळही जास्त असतो आणि घटकही.

फ्रेंच जोडीचा कार्यक्रम सुरू झाला आणि काही सेकंदांतच पापादाकिसच्या गळ्यामागचा हूक निघाला. हॉल्टर पद्धतीच्या गळ्यात पुढच्या कापडाचा सगळा भार त्या एका बंदावर असतो. तो सुटला की पुढचा भाग खाली घसरू लागतो, आणि थांबल्याशिवाय तो परत लावता येत नाही.

त्या क्षणी नियमांत दोन वाटा होत्या. थांबून रेफरीकडे जायचं, तीन मिनिटांच्या आत कपडे सावरायचे आणि जिथे थांबलो तिथून पुढे सुरू करायचं, ही पहिली. तिची किंमत ५ गुण. दुसरी वाट नाचत राहायची. कपड्याचा तुकडा बर्फावर पडला तर १ गुण कापला जातो, आणि पोशाख फक्त सैल झाला तर त्यासाठी वेगळी वजावट नाही. त्यांनी दुसरी वाट धरली. हिशेबाने ती बरोबरच होती. ५ गुण गेले असते तर लढत त्याच दिवशी संपली असती. अशा अवस्थेत त्यांनी ८१.९३ मिळवले, ही त्यांच्या कसबाची सगळ्यात मोठी साक्ष आहे.

सुटलेल्या हूकची झळ कुठे दिसते

गुणपत्रकात ‘हूक’ नावाची ओळ नसते. त्याची झळ शोधायची तर गुण कोण देतं हे आधी वेगळं करावं लागतं.

टेक्निकल पॅनेलमध्ये तिघे असतात: टेक्निकल स्पेशालिस्ट, सहायक स्पेशालिस्ट आणि टेक्निकल कंट्रोलर. घटक कोणता झाला आणि तो कोणत्या लेव्हलचा (काठिण्यपातळीचा), हे ते बहुमताने ठरवतात. पॅटर्न डान्समध्ये त्यांची नजर ठरलेल्या ‘की पॉइंट’वर असते: अमुक पावलावर स्केटच्या पात्याची कड स्वच्छ लागली का, ती पुरेशी धरली का, वळण खरोखर वळण होतं की उडी मारून उरकलं. हे सगळं पायांचं काम. गळ्यावरचा बंद सुटल्याने पायाची कड आपोआप बिघडत नाही, म्हणून हूकचा थेट परिणाम लेव्हलवर शोधणं चूक ठरेल.

नऊ परीक्षक दोन गोष्टी देतात. एक जीओई, म्हणजे प्रत्येक घटक किती चांगला झाला याचे गुण. तेव्हा ते उणे ३ ते अधिक ३ होते. दुसरे कंपोनंट, तेव्हा पाच होते: स्केटिंग स्किल्स, ट्रान्झिशन्स, परफॉर्मन्स, कॉम्पोझिशन आणि संगीताचा अर्थ व ताल. हूकची झळ बसली असेल तर ती इथेच. ऱ्हुंबात पाठ ताठ, खांदे मोकळे आणि कमरेची लय दिसायला हवी. पुढचं कापड घसरू नये म्हणून स्केटर खांदे आवळते, हात पूर्ण उघडत नाही, जोडीदाराच्या मिठीतलं अंतर किंचित बदलतं. ट्विझलमध्ये हात वर नेताना अर्धा क्षण कमी पडतो. यातलं काहीही चूक म्हणून नोंदलं जात नाही. अधिक ३ च्या जागी अधिक २ पडतो, ९.७५ च्या जागी ९.५० येतात.

आता किंमत काढू. शॉर्ट डान्समध्ये कंपोनंटचा गुणक ०.८ होता. सर्व परीक्षकांनी पाचही कंपोनंटमध्ये फक्त पाव-पाव गुण कमी दिला, तर ०.२५ गुणिले ५ गुणिले ०.८, म्हणजे बरोबर १ गुण जातो. ०.७९ चं अंतर त्यात बुडून जातं. फक्त परफॉर्मन्स आणि संगीताचा अर्थ या दोनच रकान्यांत अर्धा-अर्धा गुण कमी दिला असेल, तर ०.८० जातात, तेवढे परत जोडले की फ्रेंचांचे २०६.०८ होतात. कॅनडाहून ०.०१ जास्त. जीओई तर यात धरलेलंच नाही.

म्हणजे हूक सुवर्ण घालवू शकत होता. घालवलंच, असं मात्र यावरून म्हणता येत नाही. त्यासाठी त्यांचा तोच कार्यक्रम इतर ठिकाणी किती गुणांचा ठरला, ते बघावं लागतं.

एकाच कार्यक्रमाचे चार निकाल

डिसेंबर २०१७, नागोया, ग्रां प्री फायनल: ८२.०७.
जानेवारी २०१८, मॉस्को, युरोपियन स्पर्धा: ८१.२९.
फेब्रुवारी २०१८, प्योंगचांग, हूक सुटलेला: ८१.९३.
मार्च २०१८, मिलान, जागतिक स्पर्धा: ८३.७३.

पहिल्या तीन ओळी वाचल्या तर हूकची कथा डळमळते. मॉस्कोत हूक शाबूत होता आणि गुण प्योंगचांगहून कमी होते. नागोयाशी तुलना केली तर फरक जेमतेम ०.१४.

पण एवढ्यावर थांबणारा वाचक फसतो. मोठ्या स्पर्धेकडे जाताना सगळ्या वरच्या जोड्यांचे गुण चढत गेले होते. नागोयात व्हर्च्यू–मोइर यांना शॉर्टमध्ये ८१.५३ आणि फ्रीमध्ये ११८.३३ होते, प्योंगचांगमध्ये ते अनुक्रमे २.१४ आणि ४.०७ ने वाढले. फ्रेंचांचा फ्री डान्सही १२०.०९ वरून १२३.३५ वर गेला, म्हणजे ३.२६ ची वाढ. चार आकड्यांपैकी तीन दोन गुणांहून अधिक वर चढले आणि एकच खाली आला: हूक सुटलेला शॉर्ट डान्स. शिवाय महिन्याभराने मिलानमध्ये तोच कार्यक्रम ८३.७३ वर पोहोचला, १.८० ने जास्त. तिथे त्यांची एकूण बेरीज २०७.२० झाली.

मिलानचे परीक्षक वेगळे होते आणि व्हर्च्यू–मोइर तिथे उतरलेच नव्हते, त्यामुळे ८३.७३ उचलून प्योंगचांगच्या बेरजेत टाकणं योग्य नाही. तरी आमचं मत असं की शॉर्ट डान्सच्या दिवशी फ्रेंच जोडीचा एक ते दोन गुणांचा तोटा झाला असावा, आणि सुवर्ण फिरायला तेवढा पुरेसा होता. यात परीक्षकांचा दोष नाही. त्यांनी समोर जे दिसलं त्याचे गुण दिले, आणि तेच त्यांचं काम आहे. ‘नीट झालं असतं तर’ याला गुण देणारा परीक्षक धोकादायक असतो. कॅनडाने पहिल्या दिवशी घेतलेली २.१४ ची झेप तर पूर्णपणे त्यांची स्वतःची कमाई होती, आणि हूकच्या चर्चेत तीच विसरली जाते.

एका परीक्षकाची ताकद किती

अटीतटीच्या निकालानंतर ‘अमुक देशाच्या परीक्षकाने घात केला’ हा आरोप ठरलेला. प्योंगचांगमध्ये तो तपासणं सोपं होतं, कारण २०१६ मध्ये परीक्षकांची गुप्तता काढून टाकली गेली आणि प्रत्येक रकान्याचा मालक कोण हे गुणपत्रकावर दिसू लागलं. २००६, २०१० आणि २०१४ च्या ऑलिंपिकमध्ये तशी सोय नव्हती.

नऊ परीक्षकांच्या गुणांतला सर्वांत वरचा एक आणि सर्वांत खालचा एक काढून उरलेल्या सातांची सरासरी घेतात. नमुन्यादाखल एका कंपोनंटचे गुण धरू: ९.२५, ९.५०, ९.५०, ९.५०, ९.७५, ९.७५, ९.७५, १०, १०. यातला ९.२५ आणि एक १० गेला, सातांची बेरीज ६७.७५, सरासरी ९.६८. आता ९.५० देणाऱ्या एकाने मुद्दाम ९.०० दिले असं समजा. त्याचा ९.०० तर कापला जातो, पण आधी कापला जाणारा ९.२५ त्यामुळे आत येतो. नवी बेरीज ६७.५०, सरासरी ९.६४. म्हणजे टोकाचा गुण गळतो हे खरं, तरी त्याचा धक्का पूर्ण विरत नाही.

याच परीक्षकाने पाचही कंपोनंटमध्ये असंच केलं, तर फ्री डान्समध्ये (गुणक १.२) ०.२४ आणि शॉर्टमध्ये ०.१६, मिळून ०.४० गुण हलतात. ०.७९ च्या जेमतेम निम्मे. शिवाय अर्धा गुण खाली देणारा माणूस पाचही रकान्यांत उघडा पडतो. त्याच ऑलिंपिकमध्ये एकेरी आणि पेअर्स गटांत आपल्या देशाला झुकतं माप दिल्याबद्दल चीनच्या दोन परीक्षकांवर पुढे बंदी आली, ती अशाच रकान्यांच्या आधारे. दोघांनी मिळून ठरवलं, किंवा एकाने कंपोनंटबरोबर जीओईमध्येही हात आखडला, तर हिशेब बदलतो.

उलट टोकाचं उदाहरण याच निकालात आहे. पहिल्या दिवशी तिसऱ्या स्थानासाठी हबल–डॉनोह्यू शिबुतानी भावंडांच्या ०.०२ ने पुढे होते. एका परीक्षकाचा, एका कंपोनंटमधला, एकच पाव गुण सरासरीत टिकला तर शॉर्ट डान्समध्ये त्याची किंमत साधारण ०.०३ असते. म्हणजे एका माणसाच्या एका बटणाहून कमी फरक! एवढ्या अंतराला ‘वरचढ’ म्हणणं आम्हाला पटत नाही. गुणांच्या भाषेत ती बरोबरीच. दुसऱ्या दिवशी शिबुतानींनी फ्रीमध्ये ४.९२ ची आघाडी घेतली आणि प्रश्नच मिटला.

दाद कुठे मागायची

निकालाविरुद्ध लेखी हरकत फक्त गणिती चुकीसाठी घेता येते, आणि ती स्पर्धा संपल्यापासून २४ तासांत. घटक चुकीचा ओळखला गेला किंवा लेव्हल कमी दिली गेली, तर नियम त्याला मानवी चूक मानतो, गणिती चूक मानत नाही, म्हणून त्यावर हरकत चालत नाही. परीक्षकांच्या मूल्यमापनावर तर नाहीच. प्योंगचांगमध्ये बेरीज बरोबर होती, त्यामुळे दाद मागण्यासारखं काही नव्हतं. गुणपत्रक हाती आल्यावर आधी बेरजा, गुणक आणि वजावटी पडताळाव्यात. वाद घालता येतो तो इतकाच.

ज्युनियर गटात हेच घडलं तर

या जोड्या ज्युनियर पायऱ्या चढूनच आल्या. व्हर्च्यू–मोइर २००६ मध्ये लुब्लियानात ज्युनियर विश्वविजेते होते, शिबुतानी २००९ मध्ये आणि पापादाकिस–सिझेरॉन २०१३ मध्ये ज्युनियर जागतिक रौप्यविजेते. आज त्या गटात उतरणाऱ्यांसाठी नियम थोडे बदललेले आहेत. शॉर्ट डान्सचं नाव २०१८–१९ पासून ऱ्हिदम डान्स झालं आणि जीओई उणे ५ ते अधिक ५ झालं. २०२२–२३ पासून कंपोनंट तीनच उरले: कॉम्पोझिशन, प्रेझेंटेशन, स्केटिंग स्किल्स. गुणक ऱ्हिदमला १.३३ आणि फ्रीला २.००. ज्युनियर फ्री डान्स साडेतीन मिनिटांचा, सीनियरचा चार.

सगळ्यांनी सगळीकडे पाव गुण कमी दिला तर ऱ्हिदममध्ये अजूनही साधारण १ गुणच जातो. पण एका कंपोनंटमधला पाव गुण पूर्वी शॉर्टमध्ये ०.२० चा होता, तो आता ०.३३ चा झाला, फ्रीमध्ये ०.३० चा ०.५० झाला. म्हणजे एका प्रेझेंटेशनच्या रकान्यात पोशाखामुळे आलेला संकोच आता जास्त महाग पडतो.

ज्युनियरमध्ये मोठं नुकसान मात्र बहुतेक वेळा टेक्निकल पॅनेलकडे होतं. की पॉइंटपुढे गुणपत्रकात तीन अक्षरांपैकी एक असतं: वाय म्हणजे झाला, एन म्हणजे नाही, टी म्हणजे ताल चुकला. सलग टी दिसले तर पायांवर आणखी मेहनत घेण्याआधी संगीताचा वेग आणि पहिल्या पावलाची मात्रा तपासा. जोडी बहुधा सुरुवातच उशिरा करते आणि पूर्ण फेरा मागे राहतो. एकाच जागी दर स्पर्धेत एन येत असेल तर ती कड सरावाच्या व्हिडिओत बाजूने बघा. समोरून ती नेहमी बरी दिसते. स्टेप सीक्वेन्स आणि ट्विझलमध्ये मुलगी आणि मुलगा यांची लेव्हल आता वेगळी दिली जाते, त्यामुळे कोणाचं काय राहिलं हे लपत नाही. कोणाचा तोल गेला आणि पडला तर प्रत्येकी १ गुण कापला जातो.

पोशाखाची तपासणी साधी आहे, आणि ती स्पर्धेच्या सकाळी करून उपयोग नाही. निदान तीन पूर्ण सराव त्याच ड्रेसमध्ये, सगळ्या लिफ्ट आणि ट्विझलसकट व्हायला हवेत. हॉल्टर गळ्याला एकटा हूक कधीच नको: आत टिचबटण, वर हूक, आणि हूकचा डोळा ताणल्या न जाणाऱ्या पट्टीवर दुहेरी टाक्याने शिवलेला. लवचिक कापडावर थेट शिवलेला हूक घामाने आणि ताणाने तिरका होतो आणि तिथेच सुटतो. लिफ्टमध्ये मुलाचा हात किंवा मनगट गळ्यामागून जात असेल तर बंद बाजूला सरकवा. गटाचा सराव संपून बर्फावरून खाली आल्यावर प्रशिक्षकाने बंद बोटाने ओढून बघायचा. थांबायचं कधी हे जोडीशी आधीच बोलून ठेवायचं: कापड पायाखाली येण्याची भीती असेल किंवा अंग झाकलेलं राहणार नसेल तर लगेच रेफरीकडे, गुणांचा विचार न करता. ज्युनियरमधली मुलं लहान असतात, त्यामुळे हे वाक्य मोठ्यांनी त्यांना स्पष्ट शब्दांत सांगितलेलं असलं पाहिजे. बाकी सगळ्या वेळी नाचत राहायचं.